माळरान आणि धनगरांचे देव

देवाचे रूप हवामान आणि माती ठरवते का, या प्रश्नाला धनगरांच्या मेंढपाळीइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत माणदेशाचा पट्टा येतो. पाऊस जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास, माळाला मुरूम, वर आखूड गवत. इथे नांगराचा भरवसा नाही, मेंढराचा आहे. काटक दख्खनी मेंढी ऊन सोसते. सततचा ओलावा आणि चिखल तिला सोसत नाही, खूर कुजतात. म्हणून पावसाळाभर कळप माळावर राहतो आणि दसरा-दिवाळीनंतर, चारा सरू लागला की, काही कळप घाट उतरून कोकणात जातात, काही काळ्या मातीच्या गावांकडे वळतात. तिथे शेतकरी रानात मेंढरे बसवून घेतो. रात्रभराच्या लेंड्या-मुताचे खत शेताला मिळते, मेंढक्याला धान्य किंवा पैसे. मृगाच्या आधी कळप माघारी फिरतो.

देवही याच वाटेवरचे. बिरोबा, म्हसकोबा यांची जुनी ठाणी बहुधा गावकुसाबाहेर, आणि कथांतून देव वारुळातून प्रकट होतो. नांगरटीच्या शेतात वारूळ टिकत नाही. ते टिकते पडीक रानात. खंडोबाच्या संसारातही गाव आणि माळ हे दोन प्रदेश नांदतात: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. जेजुरीला म्हाळसा गडावर देवाशेजारी आहे, बाणाईचे देऊळ चढणीच्या वाटेत लागते.

इथवर मातीचा युक्तिवाद पटतो. पुढे तो अपुरा पडतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (1984) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. ते मानले, तर माळावरचा हा देव पुढे शेतकऱ्यांचा, शिंप्यांचा, कुंभारांचा झाला. ज्यांनी कधी मेंढरू राखले नाही त्यांचाही झाला. माती ठाण्याची जागा आणि यात्रेचा हंगाम सांगू शकते. परक्या मातीतला माणूस त्याच देवाला आपला का मानतो, हे ती सांगू शकत नाही. त्याचे उत्तर भक्तीतच शोधावे लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव (म्हणजे बिरोबाच) एकाच देवळात पुजले जातात. हा मुलूख उसाचा, पाण्याचा. तरी पाऊस सरल्यावर भरणाऱ्या यात्रेला दूरदूरचे धनगर येतात, भंडारा उधळतात आणि देवाचे मानकरी फरांडे यांची भाकणूक (भविष्यवाणी) ऐकतात. येत्या वर्षी पाऊसपाणी कसे, पिके कशी, हे देव तिथे सांगतो, आणि ते ऐकायला ऊसवालेही उभे असतात.