न्यायालयाने न दिलेली शिक्षा

कैद्यांना एड्सविषयी शिकवणे म्हणजे त्यांच्या दुर्वर्तनाला मुभा देणे होय, असा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकतो. त्याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

न्यायालय अपराध्याचे स्वातंत्र्य हिरावून घेते. रोगाची शिक्षा ते सुनावीत नाही. शिवाय २०२२ च्या अखेरीस भारतातील दर चार बंदिवानांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी होते. त्यांच्यावरील खटल्यांचा निकालही लागला नव्हता.

नशेसाठी वा गोंदण्यासाठी अनेकांनी वापरलेली एकच सुई, तसेच असुरक्षित शरीरसंबंध यांतून एचआयव्ही पसरतो. एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी निजल्याने नव्हे. हे ठाऊक नसेल तर निरोगी कैदी धोक्यात येतो आणि बाधित कैदी बराकीतही वाळीत पडतो. म्हणूनच २०१७ च्या कायद्याने शासनाच्या कोठडीतील प्रत्येकाला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी व उपचार यांचा हक्क दिला आहे.

सत्य सांगणे म्हणजे पापाला संमती देणे नव्हे. बंदिवानाची भेट ख्रिस्ताने आपलीच भेट मानली. त्या भेटीस जाऊन आम्ही जिवावर बेतणाऱ्या संकटाविषयी मौन पाळले, तर आमची दया अपुरीच ठरेल.