छायाचित्रांची रद्दी

मोबाइलात जागा उरली नाही म्हणजे हल्ली घरोघर छायाचित्रे पुसण्याचे काम निघते. जळगावच्या एकाच लग्नाची शेकडो चित्रे. त्यांतली अंधुक प्रथम जातात. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यास वारले. त्यांनी गावोगाव हिंडून मिळविलेली कागदपत्रे कित्येक घरांत रद्दी म्हणूनच पडलेली होती. तेव्हा रद्दी कोणती, हे ठरविणारे आम्ही कोण? पण सारेच साठवावे, असेही आम्हांस म्हणवत नाही. राजवाड्यांनी कागद वाचले, निवडले, 1898 पासून छापविले. आम्ही तर साठविलेले उघडूनही पाहात नाही. आयफोनात पुसलेले चित्र 30 दिवस परत आणता येते. तेवढ्या मुदतीत, मांडवात मागे बसलेली ती म्हातारी कोण, हे घरच्या वडील मंडळींस विचारून घ्यावे. मग चित्र खुशाल पुसावे.