बारीक गाळ

पावसाचे पहिले दोन-चार जोरदार शिडकावे झाले, की अलिबाग, कर्जतकडच्या बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव गढूळ होतात. पानं, काटक्या, किडे जाळीने दोन मिनिटांत निघतात. भरड माती आपसूक तळाशी बसते. मागे राहतो तो बारीक गाळ. तो जाळीत सापडत नाही, हाताला लागत नाही, बसतही नाही. तळाच्या फरशीच्या रेघा दिसेनाशा होतात, एवढीच त्याची खूण.

तो बसत का नाही? पाण्यात कण कोणत्या वेगाने खाली जातो, याचं सूत्र जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलं. कण दहापट लहान झाला, तर त्याचा बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. दहा मायक्रॉनचा मातीचा कण सव्वा मीटर खोल पाण्यात साडेतीन-चार तासांत तळाला लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला त्यासाठी पंधरा दिवस हवेत, आणि तेही पाणी मुळीच हललं नाही तर. शिवाय चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर एकच भार, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. जवळ येऊन जड होणं त्यांना जमत नाही. जो तो सुटा तरंगत राहतो.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, ‘पाणी सोडून द्या, नवं भरा.’ आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा साध्या घरगुती तलावात 40,000 लिटर पाणी मावतं. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात, तिथे एवढं पाणी गटारात सोडणं मनाला पटत नाही. आणि टँकरच्या पाण्यातून गाळ येणार नाही, याची हमी कोण देणार? पाणी बदलण्यापेक्षा आहे ते निवळवणं हेच खरं काम आहे.

त्यासाठी फिल्टर असतो. आपल्याकडे सर्रास दिसतो तो वाळूचा. त्यातल्या वाळूचे दाणे साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. नव्या, धुतलेल्या वाळूत 20 ते 40 मायक्रॉनपर्यंतचे कण अडकतात, त्याहून बारीक ते निसटतात. पण फिल्टर चालू लागला की अडकलेला गाळच दाण्यांमधल्या वाटा अरुंद करतो, आणि मग आधी निसटणारे कणही अडकू लागतात. वाळू थोडी मळली, की ती जास्त चांगलं गाळते. म्हणून जाणकार माणूस रोज उठून बॅकवॉश करत नाही. तो फिल्टरवरच्या दाबाच्या काट्याकडे पाहतो. वाळू स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा काटा आठ-दहा पीएसआयने चढला, की मोटर बंद करून व्हॉल्व्हचा दांडा फिरवतो, उलटं पाणी सोडतो आणि काचेतून नितळ पाणी दिसेपर्यंत थांबतो. मग अर्धा-एक मिनिट ‘रिन्स’. हे अर्धं मिनिट टाळलं, तर वाळूत उरलेला गाळ पुन्हा तलावातच येतो.

वाळूच्या थराची ही ताकद एकदा फार मोठ्या प्रमाणावर दिसली होती. 1892 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसं दगावली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. शेजारचं आल्टोना तर त्याच नदीच्या खालच्या अंगाला होतं, हॅम्बुर्गची घाण वाहून आलेलं पाणी घेत होतं. पण ते वाळूच्या थरांतून संथपणे गाळून. आल्टोना मोठ्या प्रमाणात वाचलं. कॉलऱ्याचा जंतू वाळूच्या फटींपेक्षा कितीतरी लहान असतो. तो अडला, कारण अशा संथ गाळणीत वाळूच्या वर सूक्ष्मजीवांची एक पातळ साय धरते आणि ती खूपसे जंतू अडवते. ती साय धरायला दिवस लागतात, आणि पाणी सावकाश जावं लागतं. क्लोरीन घातलेल्या घरच्या तलावात अशी साय धरत नाही, पण एक नियम तिथेही तोच आहे. फिल्टरला न पेलणारी मोटर लावली, तर पाणी वेगाने फिरतं आणि बारीक गाळ वाळूतून आरपार निघून जातो.

तरीही जे कण कशालाच दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी तुरटी. अलिबागजवळच्या एका बंगल्यात हे काम मी जवळून पाहिलं. तलाव सांभाळणाऱ्या काकांनी संध्याकाळी बादलीत तुरटी विरघळवली आणि काठाकाठाने फिरत ते पाणी तलावभर शिंपडलं. फिल्टर वगळून पाणी थोडा वेळ नुसतं फिरवलं आणि मोटर बंद केली. ‘आता सकाळपर्यंत कुणी पाय घालायचा नाही हं,’ त्यांनी मुलांना बजावलं. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे कणांवरचा भार निवतो, एकमेकांना लोटणारे कण जवळ येतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी जातात. सकाळी तळावर राखाडी, मऊ थर पसरला होता. काकांनी व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवला, म्हणजे हा गाळ फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर पडावा. मग व्हॅक्यूमचा दांडा ते इतका हळू सरकवत होते, की तो हलतोय हे नीट पाहिल्याशिवाय कळू नये. जरा घाई झाली असती, तर रात्रभरात बसलेलं सगळं क्षणात उसळून वर आलं असतं.

तुरटीचं प्रमाणही बेताचंच हवं. जास्त पडली, तर कणांवर उलटा भार चढतो आणि पाणी गढूळच राहतं. निवळीचं बी उगाळून पाणी स्वच्छ करण्याची आपली जुनी पद्धतही याच जातीची. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोधा’त या बियेचा दाखला आहे: ज्ञान अज्ञानाचा मळ दूर करतं आणि निवळीच्या चूर्णासारखं स्वतःही मागे उरत नाही. मळ घालवणाऱ्याने आपलं अस्तित्व मिरवत राहू नये, हे त्यात किती नेमकं सांगितलं आहे.

मनाचंही असंच आहे, हे मला मनापासून वाटतं. मोठी भांडणं, मोठी दुःखं दिसतात; त्यांच्यासाठी आपण काहीतरी करतो, चार माणसंही धावून येतात. मन गढूळ ठेवतो तो बारीक गाळ: कुणाचा तरी तुटक शब्द, न आलेलं आमंत्रण, भावाच्या सुबत्तेची हलकीशी टोचणी. एकेकटी घेतली तर यातली कुठलीच गोष्ट बोलण्याजोगी वाटत नाही, म्हणून ती सुटी तरंगत राहते. तिच्यावर जोर चालत नाही. ‘मी असा विचार करणारच नाही’ असं बजावून ढवळलं, की ती अधिकच उसळते. घर बदललं, नोकरी बदलली, तरी नव्या पाण्याबरोबर नवा गाळ येतो.

उपाय तोच, सावकाशीचा. दिवसातला थोडा वेळ मोटर बंद ठेवावी. विखुरलेल्या टोचण्या एकत्र येऊ द्याव्यात. बऱ्याचदा कळतं, की दहा तक्रारींच्या मुळाशी एकच दुखणं होतं. ते ओळखलं, की हलक्या हाताने बाहेर सोडावं. पुन्हा स्वतःच्याच आत फिरवत ठेवू नये. आणि पूर्वी सोसलेल्या, पचवलेल्या गोष्टींची लाज वाटू देऊ नये. त्यांच्यामुळेच आज आपल्याला इतकं बारीक काही अडवता येतं. मन रोज घासूनपुसून कोरं करण्याची गरज नाही. ते संथ राहिलं, तर वयाबरोबर अधिक चांगलं गाळू लागतं.