करणारा आणि करविणारा

दसरा उलटला, की बालाघाटाच्या माथ्यावरील गावे हळूहळू रिती होऊ लागतात. केज तालुक्यातील नांदूरघाट आणि त्याच्या भोवतालच्या वाड्या-वस्त्या यांना हे दृश्य इतके परिचयाचे झाले आहे, की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचलेली भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि त्या साऱ्या संसाराच्या शेंड्यावर बसलेली शाळकरी मुले साखर कारखान्यांच्या मुलखाकडे ऊसतोडीला निघालेली पाहून कोणी दोन पावले थांबतही नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आता अंगमेहनतीने फेडावयाची असते. ती उचल माणसावर नव्हे, कोयत्यावर दिलेली असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस हा अर्धा कोयता. मुलाचा कोयता पुरा व्हावा म्हणून सून लवकर आणावयाची आणि वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी या धास्तीने तिला लवकर उजवावयाची, ही दोन्ही कामे एकाच हिशेबातून निघतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील 20 ते 24 वर्षे वयाच्या दर 100 स्त्रियांत 40हून अधिक जणींचा विवाह 18 वर्षे पुरी होण्यापूर्वी झालेला आढळला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या हिशेबातच आहे.

अशा एका पंधरा वर्षांच्या सुनेची कल्पना करावी. करारनाम्यावर नवऱ्याच्या सहीखाली तिचा अंगठा आहे. रक्कम तिने मोजली नाही, मागितली तर नाहीच. फडात ताप अंगावर काढून तिने मोळ्या वाहिल्या, न गेलेल्या दिवसाचा खाडा तिच्या नावावर चढला, आणि एके रात्री नवऱ्यामागोमाग तीही कोपी सोडून निघाली. मुकादम ठाण्यावर जातो आणि उचल बुडवून पळालेल्या टोळीविरुद्ध फसवणुकीची फिर्याद देतो. आता या मुलीस कायद्याने काय म्हणावे? 1976 च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाच्या दृष्टीने ते कर्ज वेठीचे ठरले, तर ते मुळातच नष्ट झालेले आहे, आणि ते वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे. फौजदारी दप्तरात मात्र ती तोवर आरोपी क्रमांक दोन होऊन बसलेली असते.

आपल्या व्याकरणाने एक भेद फार पूर्वीपासून जपला आहे. करणे आणि करविणे ही दोन क्रियापदे आपण वेगळी मानतो, आणि प्रयोजक रूपात खरा कर्ता करविणारा असतो हे प्राथमिक शाळेतील मूलही जाणते. धर्मशास्त्रकारांनीही कर्ता आणि कारयिता यांचा विचार वेगवेगळा केला. या सुनेसारख्या, माणसांच्या व्यापारात सापडलेल्या मुलाच्या बाबतीत सगळा न्याय या एका भेदावर उभा आहे, असे माझे ठाम मत आहे; आणि आपल्या कायद्याने हा भेद अर्धाच स्वीकारला, हे माझे दुःख आहे.

दिवाणी कायद्याकडे प्रथम पाहावे. 1872 च्या करार कायद्यान्वये अज्ञानाला करार करण्याची पात्रता नाही, आणि 1903 मध्ये मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच शून्य असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे, आमच्या या सुनेचा अंगठा कागदावर उमटला त्या क्षणीच निरर्थक झाला. शंभर-सव्वाशे वर्षे ज्या मुलाला पाचशे रुपयांच्या कर्जाने बांधता येत नाही, त्याच मुलाला दुसऱ्याने हातात दिलेल्या पाकिटासाठी किंवा गांजाच्या पुडीसाठी आरोपी म्हणून उभे करता येते. पैशाच्या व्यवहारात आपण मुलाच्या संमतीला शून्य किंमत दिली. गुन्ह्याच्या व्यवहारात मात्र सात वर्षांखालील मूल सर्वथा आणि बारा वर्षांखालील मूल समज अपरिपक्व असेल तरच वगळून बाकीच्यांच्या संमतीला आपण पुरी किंमत देतो.

1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 95 आहे. गुन्हा करविण्यासाठी मुलाला कामावर लावणाऱ्या इसमास किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची कैद, आणि तो गुन्हा प्रत्यक्षात घडला तर तो त्या इसमाने स्वतःच केला असे समजून त्याची शिक्षाही. मला हे कलम वाचून समाधान वाटले, कारण प्रयोजक कर्ता कायद्याच्या भाषेत इतक्या स्पष्टपणे क्वचितच अवतरला असेल. परंतु गुन्हा करविणाऱ्याच्या खाती मांडला गेला, तर तो मुलाच्या खात्यातून वजा झाला की नाही, याविषयी कलम मूक आहे.

2015 च्या बाल न्याय अधिनियमाने मुलांसाठी दोन दारे ठेवली. एक बाल कल्याण समितीचे, जेथे ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असते. दुसरे बाल न्याय मंडळाचे, जेथे ते ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होते. भीक मागताना सापडलेले मूल पहिल्या दाराने जावयाचे, पुडी पोचविताना सापडलेले दुसऱ्या. त्याला सकाळी कटोरा आणि संध्याकाळी पुडी देणारा इसम एकच असू शकतो. तेव्हा मुलाचे भवितव्य ठरते ते धाडीच्या घटकेला त्याच्या हातात काय होते यावर. एकच मूल एकाच वेळी दोन्ही प्रकारचे असू शकते, हे अधिनियमाच्या कलम 8 ने मान्य केले आहे आणि असे प्रकरण समितीकडे सोपविणे हे मंडळाच्या कामांतच गणले आहे. पण ते कोणाच्या तरी ध्यानी येण्यावर अवलंबून आहे. तुझ्यावर खटला चालणार नाही, असे अभिवचन त्या मुलाला त्यात कोठेही नाही. उलट, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास त्याला प्रौढ मानून खटला चालविण्याची वाट याच अधिनियमात आहे.

देहविक्रयाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बरेच पुढे नेले. मुंबईतील ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेवर 2002 मध्ये न्यायालयाने सांगितले, की धाडीत सापडलेली अल्पवयीन मुलगी ही संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, तिला समितीपुढेच नेले पाहिजे, आणि कुंटणखाना चालविणाऱ्याच्या वकिलाने त्याच प्रकरणात त्या मुलीचे वकीलपत्र घेता कामा नये. या शेवटच्या आदेशातच सारी परिस्थिती उघडी पडते: विकणाऱ्याने विकलेलीसाठी वकीलही आपणच नेमावा! 1956 च्या ज्या अधिनियमाला वर्तमानपत्रे ‘पिटा’ म्हणतात, त्यातील कलम 8 मात्र गिऱ्हाइकास खुणावणाऱ्या स्त्रीला अजूनही कैदेस पात्र ठरविते, आणि शिकवून ठेवलेली मुलगी जबानीत ‘वय एकोणीस’ म्हणाली, की ते कलम तिच्याही दाराशी येते.

2018 च्या जुलैत मानवी तस्करीविषयीचे एक विधेयक लोकसभेने संमत केले. पीडितांना खटल्यापासून अभय देणारे कलम त्यात होते, पण ते मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षांच्या कैदेस पात्र अशा गुन्ह्यांपुरतेच. खून करावयास भाग पाडलेल्याला अभय, खिसा कापावयास लावलेल्याला नाही. राज्यसभेत ते संमत झाले नाही आणि 2019 मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. अभयाचा विषयही त्याबरोबर बासनात गेला. युरोपीय संघाने 2011 मध्ये आणि इंग्लंडने 2015 मध्ये या प्रश्नाला कायद्यात स्थान दिले. इंग्लंडच्या कायद्यात 18 वर्षांखालील पीडितावर बळजबरी झाली होती, हे सिद्ध करावे लागत नाही. मात्र गंभीर गुन्ह्यांची एक लांबलचक यादी त्या संरक्षणाबाहेर ठेवली आहे.

असे अभय दिले तर टोळ्या मुलांनाच पुढे करतील, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो हेही मी मानतो. परंतु टोळ्या मुलांना आजच पुढे करीत आहेत, आणि त्यांच्या हातातील सर्वांत स्वस्त हत्यार ‘पोलिसांत देईन’ हे वाक्य आहे. ते वाक्य मुलाला खरे वाटते, कारण ते खरे आहे. ज्या दिवशी ते खोटे ठरेल, त्या दिवशी पहिली साक्ष मिळेल. कारण करविणारा कोण, हे त्या मुलावाचून दुसऱ्या कोणाला ठाऊकच नसते.

तोवर सारा मामला वयाच्या पुराव्यावर येऊन ठेपतो. बाल न्याय अधिनियमाचे कलम 94 प्रथम शाळेचा दाखला मागते आणि तो किंवा जन्मनोंद नसेल तरच हाडांच्या तपासणीकडे वळते. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या गुरुजींनी असंख्य मुलांची जन्मतारीख 1 जून लिहिली, ती अंदाजाचीच असे. तरी तो दाखला त्या मुलाला योग्य दाराने नेऊ शकतो. नांदूरघाटच्या बाजूने निघालेले मूल हंगामभर दूरच्या फडावर असते, आणि त्याचे वय सांगणारे रजिस्टर गावच्या शाळेच्या कपाटात. हंगाम संपून ट्रॅक्टर घाट चढून येईपर्यंत ते पान उघडण्याचे कारण कोणाला पडत नाही.