कोर्टाची पायरी

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला होता. त्या वर्षी पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्राला पत्र लिहून प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकांची काय अवस्था आहे आणि आपल्या आश्रयाला असलेल्या एका मुलीच्या वाट्याला तिथे काय आलं, ते जाहीर केलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांवर प्लेगबंदोबस्तातल्या अत्याचारांविषयी विलायतेत केलेली विधानं मागे घेऊन माफी मागायची पाळी आली होती. रमाबाई मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा धर्मांतरावर येते आणि तिथेच थांबते. या पत्राची आठवण क्वचितच कुणी काढतं. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या होत्या, आणि दुष्काळी छावण्यांभोवती पोरींवर टपून बसलेले पुरुष स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. अत्याचार सोसलेल्या, लोकांनी 'पतित' म्हणून टाकलेल्या मुलींसाठी केडगावला 'कृपासदन' निघालं. अन्न, वस्त्र, शिक्षण, प्रार्थना हे सगळं देऊन झाल्यावरही मुलीवरचा अन्याय सत्तेपुढे मांडायचं काम शिल्लक राहतं, हे या बाईंना पक्कं ठाऊक होतं.

धर्मश्रद्धेपोटी अत्याचारग्रस्त मुलांना सांभाळणाऱ्या संस्थांना हीच कसोटी लावावी असं मला वाटतं. मूल सुरक्षित आहे, जेवतं आहे, शाळेत जातं आहे, एवढ्यावर त्यांनी समाधान मानू नये. त्या मुलाबरोबर पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात शेवटपर्यंत कोण जातं, हे विचारायला हवं.

महाराष्ट्रात या कामाचा वारसा मोठा आहे आणि तो एका धर्माचा नाही. पंढरपूरला टाकून दिलेल्या अर्भकांसाठी १८७५ साली बालकाश्रम सुरू झाला, तो प्रार्थना समाजाच्या माणसांच्या हातून. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे धर्मप्रचारक होते, आणि जेजुरीच्या खंडोबाला मुली मुरळी म्हणून वाहण्याच्या चालीविरुद्ध ते धर्माच्याच भूमीवर उभे राहून लढले. म्हणजे देवाच्या नावाने मुलीला नागवणारी प्रथाही आपलीच आणि देवाच्या नावाने तिला सोडवायला धावणारी माणसंही आपलीच. देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा राज्याचा सध्याचा कायदा २००५चा आहे. इतका उशीर का झाला, याचं उत्तर श्रद्धाळू समाजाला एकदा द्यावं लागेल.

श्रद्धेच्या संस्था जे देतात ते सरकारला देता येत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तपास अधिकाऱ्याची बदली होते. सरकारी वकील बदलतो. बाल कल्याण समितीच्या सदस्यांची मुदत तीन वर्षांत संपते. प्रकल्पाचा निधी आटला की समुपदेशक दुसरीकडे नोकरी धरते. मुलीचा खटला मात्र चालूच असतो, आणि तिची झोपही उडालेलीच असते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर, आश्रमातल्या ताई, मदरशाच्या बोर्डिंगमधल्या आपा ही माणसं वर्षानुवर्षं त्याच आवारात असतात. सणाला मुलीला आठवणीने बोलावतात. तिचं लग्न ठरलं, नोकरी लागली, बाळंतपण आलं, की तिला जाण्यासारखं एक दार राहतं. ज्या मुलीचा गुन्हेगार घरातलाच आहे तिच्यासाठी या टिकून राहण्याचं मोल किती, ते मोठमोठ्या योजनांच्या अहवालात सापडत नाही.

शिवाय कायद्याने अशा माणसासाठी जागा करून ठेवली आहे. १४ नोव्हेंबर २०१२ला मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला. त्याच्या कलम २४प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा, आणि अंगावर वर्दी नको. जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती हजर हवी. वैद्यकीय तपासणीतही तशी व्यक्ती हवी. न्यायालयात वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत. ते न्यायाधीशांकडे द्यायचे आणि त्यांनी मुलाला विचारायचे. मुलाला आरोपीसमोर उभं करायचं नाही, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, साक्ष तीस दिवसांत नोंदवायची आणि खटला शक्यतो वर्षात संपवायचा. २०२०च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने 'सपोर्ट पर्सन' नेमून देते. तपासात आणि खटल्यात मुलाला सोबत करणं हेच त्याचं काम.

हे सगळं कागदावर आहे. आता जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात काय घडतं ते पाहू. साक्षीची तारीख म्हणून मुलीला सकाळी दहाला आणलेलं असतं. व्हरांडा एकच, बाकही तेच. समोर आरोपीचे नातेवाईक उभे, त्यात कदाचित तिची सख्खी आत्या. अशा वेळी तिच्या आणि त्या नजरांच्या मधे कुणीतरी बसलेलं असावं लागतं. तिला लघवीला जायचं असेल तर बरोबर उठावं लागतं. दुपारी कळतं की आरोपीच्या वकिलांनी मुदत मागितली, पुढची तारीख पडली. म्हणजे आज सगळं मनात जुळवून आणलेली पोर ते सगळं पुन्हा आत कोंडून परत जाणार. त्या क्षणी बेंच क्लार्कपर्यंत जाऊन, सरकारी वकिलांना गाठून, 'मूल हजर आहे, साक्ष आजच घ्यावी अशी विनंती करा' असं सांगणारं माणूस लागतं. प्रार्थनेने मन धीर धरतं, यावर माझा विश्वास आहे. पण हा अर्ज प्रार्थनेने होत नाही. तो करायला शिकावं लागतं, तसंच 'मनोधैर्य' योजनेतून मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कसं जायचं, अंतरिम भरपाई विशेष न्यायालयाकडून कशी मागायची, हेही शिकावं लागतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे. संस्थाचालकही तिला अपवाद नाहीत. पण मुलगी त्या पायरीवर एकटी उभी असताना शहाण्यांनी घरी थांबायचं, हे कसलं शहाणपण?

खरी अडचण पुढे येते ती क्षमेच्या नावाने. नातेवाईक येतात, हात जोडतात. आरोपी कमावता आहे, त्याची लहान मुलं आहेत, मुलीचं पुढे लग्न व्हायचं आहे. मग संस्थेच्या प्रमुखांना वाटतं, दोन घरं मोडण्यापेक्षा समजुतीने मिटवावं, देवाने क्षमा शिकवली आहे. या विचाराशी माझं टोकाचं भांडण आहे. क्षमा करायची की नाही हे ज्याने सोसलं त्याच्या हाती असतं, आणि ते ठरवायला त्याच्यापाशी वय, मोकळीक आणि स्वतःचं छप्पर लागतं. जी चौदा वर्षांची मुलगी तुमच्या ताटात जेवते, तुमच्या खोलीत झोपते, तिच्याकडून मिळवलेली क्षमा ही तिची नसतेच. कायदाही इथे नि:संदिग्ध आहे. गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेतल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या प्रमुखाला वर्षापर्यंत शिक्षा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात डॉक्टरविरुद्धचा, न कळवल्याबद्दलचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं. तडजोड झाली म्हणून मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचा खटला रद्द करता येणार नाही, हे त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात बजावलं.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. मूल गुपित सांगतं ते विश्वासाने. ते गुपित लगेच पोलिसांत गेलं तर पुढचं मूल तोंड उघडणार नाही, असं अनुभवी कार्यकर्तेही म्हणतात. कॅथलिक धर्मगुरूंपुढे हा प्रश्न पापनिवेदनाच्या गुप्ततेच्या रूपाने येतो. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने २०१७च्या अंतिम अहवालात पापनिवेदनात कळलेला अत्याचार न कळवण्याची सवलतही काढून घ्यावी असं म्हटलं, आणि व्हिक्टोरिया, क्वीन्सलँडसारख्या राज्यांनी तसा कायदा केला. माझं मत त्याच बाजूचं आहे. पण त्याबरोबर एक कर्तव्य येतं: मुलाने बोलायला सुरुवात करण्याआधीच, त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं की 'तुला कुणी दुखावत असेल तर मी ते माझ्यापाशी ठेवू शकणार नाही, पण पुढे जे होईल त्यात मी तुझ्याबरोबर असेन.' या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा ठेवणं सोपं आहे. दुसऱ्या अर्ध्याला वर्षं लागतात.

आणि गुन्हेगार संस्थेतलाच निघाला तर? पोक्सोच्या कलम ५मध्ये शिक्षणसंस्थेबरोबर धार्मिक संस्थेचाही स्पष्ट उल्लेख आहे. तिथल्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसाने संस्थेतल्या मुलावर बलात्कार केला तर २०१९पासून किमान वीस वर्षांची सजा आहे. एप्रिल २०१८मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. मुलीचं घर त्याच्या भक्तांचं होतं. खटल्याच्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून झाले. गोव्यात मडगावला मुलांचं 'गुरुकुल' चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ साली पकडला गेला तोवर त्याला समाजसेवक म्हणून मान होता. अशा ठिकाणी आणखी एक पेच असतो. बालगृहाचा कर्मचारीही 'सपोर्ट पर्सन' होऊ शकतो, अशी नियमात सोय आहे. एरवी ती चांगली, कारण मूल त्याला ओळखतं. पण आरोप त्याच बालगृहावर असेल तर मुलाची सोबत बाहेरच्याच माणसाकडे हवी, आणि हे मूल बोलण्याआधी, संस्थेच्या लेखी नियमांत ठरलेलं हवं.

राहिला मुलाच्या स्वतःच्या श्रद्धेचा प्रश्न. शारदा सदन या आपल्या विधवाश्रमात रमाबाई प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे. मुली आपण होऊन येऊन बसत. रमाबाईंनी कुणाला ओढलं नाही, हे मला खरं वाटतं. तरी १८९३ साली भांडारकर, रानडे यांच्यासारखी सहानुभूतीची माणसंही सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली, ती केवळ कर्मठपणाने पडली असं म्हणता येत नाही. ज्याच्या छपराखाली आपण आहोत त्याचं उघडं दार हेही मुलाला आमंत्रण वाटतं, कधी अटही वाटते. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. पण बापच आरोपी असेल, आई त्याच्या बाजूने उभी असेल, तर ती संमती कुणाची धरायची? माझ्या मते अशा मुलाबाबत हा निर्णय संस्थेने स्वतःकडे घेऊच नये. मुलाला वेगळं विचारून, त्याचं म्हणणं बाल कल्याण समितीने नोंदवून घ्यावं, आणि उपासनेला न बसणाऱ्या मुलाला त्या वेळी खेळायला किंवा वाचायला जागा आहे ना, हे समितीने भेटीच्या वेळी पाहावं.

प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे दुभाषे, विशेष शिक्षक आणि 'सपोर्ट पर्सन' यांची नोंदवही असावी, असं नियम सांगतात. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही 'सपोर्ट पर्सन'च्या नेमणुकांबाबत निर्देश दिले होते. देवस्थानांचे ट्रस्ट, धर्मप्रांत, वक्फच्या संस्था, गुरुद्वारा समित्या, बौद्ध विहार यांच्याकडे माणसं आहेत, वेळ आहे, आणि गावाचा विश्वास आहे. त्यांनी आपली चार माणसं कायद्याचं प्रशिक्षण देऊन त्या वहीत नोंदवावीत. ती फक्त आपल्या धर्माच्या मुलांसाठी पाठवायची नाहीत, आणि आपल्या संस्थेविरुद्धच्या खटल्यात पाठवायची नाहीत, एवढं त्याच अर्जात लिहून द्यावं.