यंत्राचं खरं नाव

लिनक्स नव्याने टाकलं आणि वायफाय दिसेना, तर यंत्र बिघडलं असं समजू नये. बहुतेक वेळा त्याची ओळख तेवढी पटलेली नसते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीबाहेर आहेत. एरंडोलसारख्या गावात घरातला पहिला लॅपटॉप पुष्कळदा कुणाचा तरी वापरून झालेला असतो. चालतं यंत्र केवळ यादीत नाही म्हणून भंगारात का घालायचं? गरजेने लिनक्सकडे आलेला माणूस हौशीपेक्षा चिवट असतो, असं मला वाटतं.

खोक्यावर नाव विकणाऱ्याचं. आतल्या चिपचं नाव निराळं. एकाच ब्रँडच्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन वायफाय डोंगलांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपा निघू शकतात. टर्मिनलवर ‘एलएसयूएसबी’ अशी आज्ञा दिली की प्रत्येक उपकरणापुढे चार-चार खुणांची जोडी दिसते: पहिली बनवणाऱ्याची, दुसरी त्या वस्तूची. ‘०बीडीए’ म्हणजे रिअलटेक. ‘वायफाय चालत नाही’ या तक्रारीला कुणी काय उत्तर देणार? ही जोडी सांगितली की उत्तर सापडू लागतं. आपल्या मालकीची वस्तू आपण पहिल्यांदा ओळखतो ती तिथे.

मग फर्मवेअर, म्हणजे चिपला आतून चालवणारं सॉफ्टवेअर. ते चिपमध्ये दर वेळी भरावं लागतं, आणि बहुधा ते कंपनीचं, बंद असतं. डेबियन हे लिनक्सचं वितरण तत्त्व म्हणून ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देत नसे. वायफायला फर्मवेअर हवं, फर्मवेअर आणायला इंटरनेट हवं. नवखा तिथेच अडकायचा. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते सोबत द्यायचं ठरवलं, आणि जून २०२३ मधल्या बाराव्या आवृत्तीत ते आलं. तो निर्णय मला योग्य वाटतो. स्वातंत्र्याचा आग्रह उंबऱ्यावरच माणसाला अडवू लागला, तर आत कोण पोचणार? (तरीही अडलंच, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावं. ते सहसा लगेच चालतं.)

एरंडोल एके काळी जाड देशी कागदासाठी नावाजलेलं होतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. त्या कागदाने बोरू कुणाचा, हे कधी विचारलं नाही. प्रिंटर विचारतो. काही स्वस्त लेझर प्रिंटर स्वतः पान रचत नाहीत. ते काम संगणकाने करून कंपनीच्या खाजगी भाषेत पाठवावं लागतं. कॅननचा एलबीपी २९०० हा त्यातलाच. पोस्टस्क्रिप्ट समजणारे किंवा एअरप्रिंट असलेले प्रिंटर मात्र लिनक्सवर फारशी खटपट न करता चालतात. विकत घेण्याआधी एवढं पाहिलं तर पुढचा बराच त्रास वाचतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागेही एक प्रिंटर आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या झेरॉक्स प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना सूचना जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमनना करायची होती. त्याचा सोर्स कोड त्यांना मिळाला नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

पण मला अधिक मोलाची वाटतात ती फारशी कुणाला माहीत नसलेली माणसं. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांचा तपशील बाहेर मिळत नव्हता. तेव्हा एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते याचं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता, निव्वळ त्या वर्णनावरून नवा लिहिला, म्हणजे नकलेचा आरोप येऊ नये. किती सोशिक काम! त्यातून ‘बी४३’ हा ड्रायव्हर लिनक्समध्ये आला. आपला वायफायचा दिवा लागतो तेव्हा अशा कुणाच्या तरी जागरणावर लागतो, आणि त्यासाठी त्याने आपल्याकडे काही मागितलेलं नसतं.

मराठीत या गोष्टी लिहिलेल्या फार थोड्या सापडतात. ज्याचं यंत्र चाललं त्याने चिपच्या खुणांची ती जोडी, कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती आणि दिलेल्या आज्ञा, चुकलेल्यासुद्धा, मराठीत लिहून ठेवाव्यात. पारोळ्यात किंवा धरणगावात तीच चिप घेऊन बसलेल्या मुलीला त्याच ओळी लागणार आहेत.