ढाल, नोकरी, लिलाव

पौष-माघात मुरबाडहून म्हसा, धसई किंवा टोकावड्याच्या बाजूला संध्याकाळी गेलं, तर भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात एखादं तरी कबड्डीचं मैदान आखलेलं दिसतं. ढेकळं फोडून, पाणी मारून चोपलेली माती, फक्कीच्या रेषा, बांबूंवर बांधलेले हॅलोजन आणि भोंग्यावरून दर थोड्या वेळाने तंबी, की अमुक मंडळाने पंधरा मिनिटांत हजर व्हावं, नाहीतर समोरच्यांना पुढे चाल दिली जाईल. शहापूरकडे, आसनगाव-खर्डीच्या आतल्या गावांतही हेच दृश्य. चढाई, पकड, लोण, सगळं जुनंच. पण मध्यरेषा ओलांडणारा पोरगा या खेळातून काय मिळवायला निघालाय, याची कल्पना मात्र गेल्या शंभर वर्षांत पार बदलत गेली आहे.

पहिला काळ ढालीचा. हुतुतूला नियमांत बसवण्याचं बरंचसं काम मराठी मुलखात आणि बडोद्यात झालं. १९२३ साली बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा भरली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डी खेळून दाखवली. १९५० साली राष्ट्रीय महासंघ झाला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. या सगळ्यांच्या मनात खेळ पैशासाठी नव्हता, आणि जगातही तेव्हा तीच शिस्त होती. जिम थॉर्पने बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले होते, म्हणून १९१२ ची त्याची ऑलिंपिक पदकं काढून घेतली गेली.

फरक एवढाच, की इंग्लंडात ही हौस पोटभरल्या लोकांची होती. हेन्लीच्या नौकास्पर्धेत १८७९ च्या नियमाने कारागीर आणि मजुरांना सरळ दारच बंद केलं होतं. आपल्याकडे हौशी खेळाडू म्हणजे दिवसभर नांगर धरणारा किंवा गिरणीत पाळी करणारा माणूस. त्याला जिंकून मिळायचं काय? देवळात किंवा तालमीत लावायला एक ढाल, आणि पुढच्या जत्रेपर्यंत गावात नाव. गुडघा गेला तर तो त्याचा त्याने सोसायचा. या काळाबद्दल आपण हळवे होतो, पण त्या हौसेचा खर्च खेळणाऱ्याच्या घरानेच उचलला, हे सोयीस्करपणे विसरतो.

दुसरा काळ नोकरीचा. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, महिंद्रासारखे कारखाने यांनी संघ बांधले आणि चांगल्या चढाईपटूला मस्टरवर घेतलं. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, भारताने सुवर्णपदक जिंकलं आणि या नोकऱ्यांना आणखी वजन आलं. राज्य शासनाने २००५ साली सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवलं. मग गावागावांत प्रमाणपत्रांची फाइल जपली जाऊ लागली: जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. ‘खेळून काय पोट भरणार आहे?’ म्हणणारी आई आता शेजारणीला सांगू लागली, ‘कबड्डीवर लागला तो पोलिसात.’ लग्नाच्या बोलणीतही ही ओळ कामाला आली.

या नोकरीच्या कल्पनेला पुढे नाकं मुरडली गेली. कोट्यातून चिकटला की पोट सुटतं, खेळ संपतो, असं म्हटलं गेलं. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणंही झाली. तरी माझं मत असं की कबड्डी टिकली ती याच कल्पनेवर. ढालीसाठी माणूस बाविशीपर्यंत खेळतो, मग संसार बोलावतो. पगार असला तर तो तिशी ओलांडेपर्यंत खेळतो, आणि धाकट्यांना शिकवायला मैदानावर उरतो.

तिसरा काळ लिलावाचा. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. त्याआधीच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला तो राकेश कुमार, पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजारांना घेतलेला. तो रेल्वेचा नोकरदार. यू मुम्बाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणा पोलिसातला. टीव्हीवर झगमगलेली ही लीग सरकारी पगारावर वर्षानुवर्षं पोसलेल्या शरीरांवर उभी राहिली. चारच वर्षांत मोनू गोयतवर १ कोटी ५१ लाखांची बोली लागली, २०२३ साली पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर.

आपल्याकडचं या वळणावरचं नाव रिशांक देवाडिगा. मुंबईत वाढलेला, वडील लवकर गेलेले, हॉटेलात काम केलेला मुलगा. कबड्डीने त्याला आधी देना बँकेची नोकरी दिली, मग भारत पेट्रोलियमची. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी लिलावात त्याला १ कोटी ११ लाख मिळाले. शहापूर-मुरबाडच्या पोरांना यातला शेवटचा आकडा पाठ असतो. मधल्या दोन नोकऱ्या फारशा कुणाला आठवत नाहीत. आणि त्यातली देना बँक तर २०१९ साली बँक ऑफ बडोदात विलीन होऊन नावानिशी संपली. खेळाडूंना अशाच नोकऱ्या देणारी एअर इंडियाही २०२२ मध्ये खासगी मालकीकडे गेली. शिखर उंच होत गेलं त्याच वर्षांत खालच्या पायऱ्या निखळू लागल्या.

ज्यांच्यासाठी शिखरच नाही, त्यांचं काय? २०१६ मध्ये मुलींसाठी तीन संघांची छोटी स्पर्धा प्रो कबड्डीच्या जोडीने झाली आणि तिथेच थांबली. लोअर परळच्या सोनाली शिंगटेला पश्चिम रेल्वेच्या नोकरीने आधार दिला. २०१८ च्या आशियाई रौप्यपदकात आणि हांगझोच्या सुवर्णपदकात ती होती. म्हणजे मुलींपुरता दुसरा, नोकरीचाच काळ अजून चालू आहे, आणि तो ओसरला तर त्यांना पुढे काहीच नाही. २०२० साली कोविडमुळे लीग झालीच नाही, तेव्हा मुलांनाही हे कळलं असेल: ज्याच्याकडे नोकरी होती त्याचा पगार सुरू होता, ज्याच्याकडे फक्त करार होता तो घरी बसला.

देशाबाहेर पाहिलं तर खेळाडूची एक वेगळी घडण दिसते. प्रो कबड्डीच्या बरोबर महिनाभर आधी, २६ जून २०१४ ला, अमेरिकेतल्या एनबीए निवडीत ४६ व्या क्रमांकावर जॉर्डन क्लार्कसन हा बास्केटबॉलचा गार्ड घेतला गेला. आईकडून फिलिपिनो. दोन वर्षं टल्सा विद्यापीठात खेळला, मिझुरीत बदली घेतल्यावर नियमाप्रमाणे एक मोसम नुसता सराव करत बसला, मग एक वर्ष खेळला. पुढे २०२१ साली एनबीएचा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला आणि आईकडच्या देशासाठी विश्वचषकही खेळला. त्याच्यासारख्या ज्या फिलिपिनो-अमेरिकन मुलांना एनबीएचं दार उघडत नाही, त्यांच्यापुढे मनिलाची लीग असते. १९७५ पासून चालत आलेली ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. अमेरिकेतली ही विद्यापीठांची व्यवस्था काही साधुसंतांची नाही. विद्यापीठांनी या पोरांच्या खेळावर अमाप पैसा केला आणि २०२१ पर्यंत त्यांना स्वतःच्या नावावरही कमावू दिलं नाही. पण अठरा ते बावीस या वर्षांत पोरगा कुणाच्या तरी हाती असतो. प्रशिक्षक, व्यायामशाळा, डॉक्टर आणि वर्ग एकाच आवारात असतात.

आपल्याकडे नेमकी हीच चार वर्षं बेवारस आहेत. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत वरिष्ठ महाविद्यालयं आहेत, पण बहुतेक ठिकाणी संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरता जमतो. खरं विद्यापीठ म्हणजे गावचं मंडळ, आणि त्याच्याकडे असते फक्त माती. लीग मॅटवर चालते. मातीवर घसरून सुटणारा पाय मॅटवर रुततो आणि गुडघ्याचा लिगामेंट जातो. आसनगावच्या मुलाला निदान लोकल आहे. मुरबाडला रेल्वेच नाही, त्यामुळे कल्याणपलीकडे सरावाला गेलेल्या मुलाचं अर्धं लक्ष शेवटच्या एसटीवर. पावसाळ्यात मातीचा चिखल झाला की सराव चार महिने बंद, आणि घरी लावणी असतेच.

म्हणून मला वाटतं, आता या कल्पनेने चौथं वळण घ्यायला हवं. खेळाडू म्हणजे सन्मान, खेळाडू म्हणजे नोकरी, खेळाडू म्हणजे किंमत, हे तिन्ही अर्थ एकेका टोकाला धरून बसले. खेळ हा सुरुवात, मध्य आणि शेवट असलेला व्यवसाय आहे, असं मानलं तर मागण्या बदलतात. तालुक्याला छताखालचं एक मॅट, महाविद्यालयात पूर्णवेळ प्रशिक्षक, दुखापतीचा विमा, आणि खेळ सुटल्यावर पंच परीक्षा किंवा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम. एका नामांकित चढाईपटूच्या एका मोसमाच्या बोलीपेक्षा यातल्या बऱ्याच गोष्टी स्वस्तात होतील.

लीगला नावं ठेवून काही साधणार नाही. तिने गावच्या पोराला पहिल्यांदा सांगितलं की तुझ्या दमाला बाजारात भाव आहे. पण भाव मिळणारे मूठभर असतात. शहापूर-मुरबाडमधून लिलावात किती गेले, ही मोजणी आपण हौसेने करू. त्यापेक्षा महत्त्वाची मोजणी ही: ज्यांच्यावर बोली लागली नाही, त्यांच्यापैकी किती जण पंचविसाव्या वर्षी पोटापाण्याला लागून अजून खेळताहेत? तो आकडा वाढला तरच कबड्डी इथे व्यवसाय झाली असं म्हणता येईल.